वरवंट्याचा कौल

"आला! आला! भरताचा पंजा आला!"

वाघजाईच्या देवळात अख्खी करंजकोंड वाडी कोंबून बसली होती आणि ती सगळी एकदम ओरडली. मी तेव्हा पायरीवर छत्री झटकत उभी होते. दचकून आत डोकावले, तर माझा धाकटा भाऊ भरत एक पांढरं फडकं उंच धरून उभा आणि त्या फडक्यावर त्याच्या हाताचा ठसा उमटलेला. जांभळा. तळहात, पाचही बोटं, बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा. मगाशी हेच फडकं कोरं करकरीत होतं, असं शेजारची बाई मला कानात सांगत होती आणि सांगताना तिचे दात वाजत होते.

खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. मी पोलादपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, पण पदवी घेतली म्हणून माणसाची भीती जात नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, आत निखाऱ्यांचा धूर कोंडला होता आणि त्या धुरातून तो जांभळा पंजा सगळ्यांवर रोखलेला दिसत होता.

निखाऱ्यांवर एक काळाकुळकुळीत दगड तापत ठेवला होता. त्यामागे व्याघ्रांबराच्या छापाच्या चादरीवर उल्कानाथ महाराज बसले होते. चाळिशीचा, गुबगुबीत, गोरा माणूस. वाडीच्या मुंबईकर मंडळाने त्यांना आणलं होतं. भरत त्या मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे वीर स्टेशनवर त्यांच्या बॅगा उचलून त्यांना रिक्षात बसवण्याचा मान आमच्याच घराला मिळाला होता.

"भक्तांनो!" महाराजांनी आवाज लावला. "अमेरिकेनं यान पाठवलं. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून मूठभर माती आणली. काय निघालं त्या मातीत? लाइफ का बीज! टीव्हीवर पाहिलंत की नाही?"

"पाहिलं!" भरत सगळ्यांच्या वतीने ओरडला.

"त्यांना सात वर्षं लागली. आणि माझ्याकडे? माझ्याकडे तो स्वतः चालत आला! तुडीलच्या वळणावर सर्रकन सावित्रीत उतरला. पाणी उकळलं, मासे नाचले आणि आवाज आला, नाथा, उचल मला! ही अंधश्रद्धा नाही बरं का. हे सायन्स आहे. नासा सर्टिफाइड!"

मासे नाचले तेव्हा तुडीलचा एकही माणूस नदीवर कसा नव्हता, हे विचारावंसं मला फार वाटलं. पण महाराज थांबले नाहीत.

"या दगडात जीव आहे आणि तो माणूस ओळखतो. ज्याचा पंजा उमटला, त्याला दगडानं ओळखलं. त्याच्या घरावर डोंगर येणार नाही. माझी गॅरंटी! पण ओळख मिळूनही जो घर सोडून पळेल, त्यानं दगडाचा अपमान केला. मग जे होईल ते होईल. मला विचारू नका."

आणि मी धावत आले होते ती नेमकी याचसाठी, वाडीने घरं सोडावीत म्हणून. आमची वाडी डोंगराच्या पोटाशी चिकटून बसली आहे आणि वाडीच्या वर, देवळाच्या बरोबर पाठीमागे, डोंगराला भेग गेली होती. तहसीलची माणसं येऊन बघून गेली होती. रेड अलर्ट लागला होता. खालच्या गावातल्या शाळेचे वर्ग रिकामे करून सतरंज्या घातल्या होत्या, भाताचं आधण ठेवलं होतं. अंधार पडायच्या आत वाडीने फक्त खाली उतरायचं होतं. तळीये इथून दूर नाही. त्या जुलैत तिथे दरडीखाली काय झालं ते आमच्या तालुक्यांत कुणाला सांगावं लागत नाही. तरीही एकही माणूस उतरायला तयार नव्हता, कारण एकेकाचा पंजा जांभळा येत होता.

आणि त्या गर्दीत, खांबाला टेकून, माझी आई बसली होती.

"आता काशीबाय," महाराज म्हणाले. "भरतची माताजी. या, माताजी."

आई उठली. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, पण ताठ. तिने मला पाहिलं आणि 'आलीस व्हय' अशी मान हलवली. महाराजांनी पितळी डब्यातून एक कोरं फडकं काढलं. मंतरलेलं फडकं, असं त्याला म्हणायचं. आईने त्यावर पंजा दाबला. महाराजांनी पाणी शिंपडलं, फडकं तापल्या दगडावर पसरलं, वर परात पालथी घातली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागले. परातीच्या कडेने वाफ निघाली.

परात उचलली. फडकं कोरंच होतं.

पुन्हा केलं. तरी कोरं.

बायका एकमेकींना धरून मागे सरकल्या. आईच्या भोवती बघता बघता मोकळी जागा झाली. ती एकटी मध्ये उभी होती आणि ज्यांच्या बाळंतपणांना ती रात्र रात्र बसली होती त्या बायका तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

"दगड रुसला," महाराज हळू आवाजात म्हणाले. वर छपराकडे बघितलं. "एक माणूस असं असलं, की सगळ्या वाडीची ओळख कच्ची. पण उपाय आहे. माताजींनी आजची रात्र इथेच, दगडासमोर बसून काढायची. एकटीनं. सकाळपर्यंत दगड मानेल."

देवळाच्या भिंतीमागेच ती भेग होती.

मी आईचा हात धरला आणि तिला ओढतच पायरीवर आणलं. भरत मागोमाग आला.

"आये, चल. आत्ताच्या आत्ता खाली चल."

"न्हाय गो," आई म्हणाली. "मी गेले आन् रातीला कायतरी झालं, तर सगळी म्हनतील काशीमुळं झालं. भरताला वाडीत तोंड दाखवायला जागा ऱ्हानार नाय. बसते की एक रात. माझं काय जातंय?"

"ताई, टेन्शन नको घेऊ," भरत म्हणाला. "बाबा फुल पॉवरफुल हाय. मी पण बसतो बाहेर."

"तू नको बसूस! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ती भेग बघितलीस?"

"बघितली," तो म्हणाला आणि एकदम त्याचा आवाज खाली आला. "बघितली म्हनून तर बाबाला आनला ना. आमी काय करायचं मंग? दरसाली घर सोडून पळायचं?"

मी देवळाला वळसा घालून मागे गेले. भेगेत आता माझा हात कोपरापर्यंत गेला असता. वरची आंब्याची झाडं वाडीकडे कलली होती. देवळामागचा झरा, ज्याचं पाणी काचेसारखं असतं, तो लाल गढूळ झाला होता. डोंगर आतून कुरकुरतोय असं मला वाटलं. कदाचित पाऊसच असेल. मी पळत परत आले, आणि पळताना रडत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

देवळाच्या ओसरीत सोमानाना एकटेच विडी फुंकत बसले होते. वाडीचा कौल लावायचा मान त्यांचा. पेरणी, लग्न, नवं घर, आमच्याकडे काहीही करायचं तर वाघजाईला कौल लावतात. नाना मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. महाराज आल्यापासून नानांना कुणी विचारत नव्हतं.

"शर्मिला," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तू म्हनत असशील तर मी देवीला कौल लावतो. खाली जावा, असा येईल. कंची कळी कवा पाडायची ते मला ठाव हाय."

क्षणभर वाटलं, हो म्हणावं. आई वाचेल. पण मग पुढच्या पावसात दुसरा महाराज येईल, त्याला दुसरी कळी पाडता येत असेल आणि तेव्हा मी इथे नसेन.

"नको नाना," मी म्हटलं. "पण एक सांगा. तुम्ही कौल लावता, तो एकदाच विचारता का?"

"छ्या! येकदा कसा? सरळ इचारायचा, मंग उलटा इचारायचा. पाऊस पडनार आसंल तर उजवी दे. मंग, पडनार नसंल तर उजवी दे. दोन्ही खेपेला उजवीच पडली, तर तो कौल धरायचा नाय. देवी खेळतेय म्हनायचं आन् घरी जायाचं."

"मग या दगडाला उलटा कौल कुणी लावला?"

नानांची विडी ओठातच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग देवळातल्या गर्दीकडे.

"कुनीच नाय," ते म्हणाले. "त्यो बोलला सायन्स हाय. आमी म्हटलं, सायन्सला आमी काय इचारावं?"

हीच तर गंमत होती. वाघजाईला पिढ्यान्‌पिढ्या दोनदा विचारणारी माझी वाडी नासाचं नाव ऐकून एका विचारण्यात गार झाली होती. कौलावर माझा काडीचा विश्वास नाही. पण उलटून विचारायच्या त्या पद्धतीवर आहे, आणि त्या क्षणी तीच माझ्या हाताशी होती.

शिवाय मला आणखी एक गोष्ट दिसली होती. महाराज फडकं पसरत होते तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं. जांभळी! भक्त ती बोटं डोळ्यांना लावत होते, दगडाचा जीव महाराजांच्या अंगात भिनला म्हणून. ती बोटं मी ओळखत होते. महाडला बी.एस्सी. करताना आठवडाभर माझीही बोटं तशीच झाली होती आणि आईने घासून घासून साल काढायची बाकी ठेवली होती. त्या फडक्यांना येणारा स्पिरिटचा वासही माझ्या ओळखीचा होता. आता माझी भीती गेली नाही, पण तिला राग येऊन मिळाला. अशा वेळी मी बरी शिक्षिका होते.

मी घरात गेले. चुलीशेजारून आईचा वरवंटा उचलला, चांगला खसाखसा धुतला, शिंक्यातल्या मडक्यातून एक सुका बोंबील काढला आणि खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी घेतली.

सोमानाना देवळाच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते.

"ऐका रे! उलटा कौल घेतला नाय, ही चूक झाली. वाडीची रीत हाय. उलटा घेतल्याबिगर सरळ धरायचा नाय."

कुजबुज झाली. रीत म्हटल्यावर म्हाताऱ्या माना हलायला लागल्या.

"दगडाची परीक्षा?" महाराज कडाडले. "शास्त्रज्ञसुद्धा हात जोडतात याला!"

"आमी देवीचीबी घेतो," नाना शांतपणे म्हणाले. "तिला राग नाय येत."

मी पुढे झाले. "महाराज, मी माहेरवाशीण. कौल मागायचा मला हक्क आहे. मला तुमची मंतरलेली फडकी द्या, तीन-चार. दगड तुमचाच, निखारे तुमचेच. मी काही आणलं नाही." हे अर्धवट खोटं होतं, वरवंटा पदराखाली होता.

महाराज द्यायला तयार नव्हते. पण ठमाबाई, आमची शेजारीण, हिचा पंजा सगळ्यांत गडद उमटला होता आणि ती त्या तोऱ्यात होती. तिने पितळी डबाच उचलून माझ्यापुढे ठेवला. "घे गो. आमच्या दगडाला कुनाचं भ्या हाय?"

मी पहिलं फडकं घेतलं. भरतला म्हटलं, लाव पंजा. त्याने लावला. महाराजांचा दगड मी चिमट्याने बाजूला सारला आणि निखाऱ्यांवर वरवंटा ठेवला.

"ह्ये काय?" कुणीतरी ओरडलं. "मसाल्याचा वरवंटा?"

"होय. काशीबाईचा. आकाशातून पडलेला नाही, महाडच्या बाजारातून आणलेला."

वरवंटा तापेपर्यंत सगळे त्याच्याकडेच बघत होते. पावसाचा आवाज वाढला होता. मग मी पाणी शिंपडलं, फडकं वरवंट्यावर पसरलं, परात घातली. मंत्र म्हटले नाहीत. जर नाही उमटला तर? जर मीच चुकत असले तर?

परात उचलली. जांभळा पंजा. पाचही बोटं.

"आगो बाय!" ठमाबाईने कपाळावर हात मारला. "वरवंट्यात जीव आला!"

"थांबा, घाई करू नका. आता दुसरा." मी भरतच्या हाताला पिशवी चढवली, वरून स्वच्छ पुसली आणि तोच पंजा दुसऱ्या फडक्यावर दाबायला लावला. या वेळी फडकं ठेवलं महाराजांच्या दगडावर. वाफ आली, परात उचलली. कोरं.

"मगाशी दगडाने भरतला ओळखलं होतं. आता पिशवी घातल्यावर विसरला? आकाशातून एवढ्या लांबून आलेल्या देवाला प्लास्टिकच्या पलीकडचं दिसत नाही?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्या संध्याकाळचं ते पहिलं हसणं.

"तिसरा," मी म्हटलं आणि बोंबील काढला. फडक्यावर तो आडवा दाबला, आणि तेही महाराजांच्याच दगडावर ठेवलं. परात उचलली तेव्हा फडक्यावर बोंबील उमटला होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि साऱ्या वाडीच्या पंजांपेक्षा गडद जांभळा.

"घ्या!" सोमानाना म्हणाले. "बोंबलाला अभय मिळालं. आता त्याला मरन नाय."

देऊळ हसलं. भ्यालेली माणसं हसतात तसं, जरा जास्तच मोठ्याने. महाराजांचा चेहरा उतरला होता. "या बाईनं काहीतरी मिसळलं आहे," ते म्हणाले. पण फडकी त्यांची होती आणि डबा ठमाबाईने दिलेला होता.

"मिसळलेलं आधीच आहे," मी म्हटलं. "त्याला निनहायड्रिन म्हणतात. पांढुरकी पावडर, स्पिरिटमध्ये विरघळते. फडकी त्यात बुडवून वाळवायची. माणसाच्या घामात अमिनो आम्लं असतात. ती या पावडरला भेटली आणि वर ऊब आणि वाफ मिळाली की जांभळा रंग येतो. पोलीस कागदावरचे बोटांचे ठसे याच पावडरने काढतात. सुक्या मासळीत तर अमिनो आम्लं ठासून भरलेली. दगडाचं काम एवढंच, गरम राहायचं. महाराज, तुमची बोटं दाखवा सगळ्यांना. फडकी बुडवताना हातमोजे घालायला विसरलात ना?"

महाराजांनी हात मांडीखाली घेतले. सगळ्यांनी ते बघितलं.

"पन टीव्हीवर दाखवलं ते?" भरतने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "दगडात बीज सापडलं ते खोटं?"

"ते खरं आहे, भरत, आणि या सोंगापेक्षा कितीतरी मोठं आहे. बेन्नूच्या मातीत अमिनो आम्लं सापडली. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या विटांनी बांधलेली असतात, त्यातल्या चौदा प्रकारच्या विटा. पण विटा पडलेल्या दिसल्या म्हणून तिथे घर आहे, असं होतं का? जीव सापडलेला नाही. कुणी तसं म्हटलेलंही नाही. आणि ती माती तपासताना त्या शास्त्रज्ञांना सगळ्यांत मोठी धास्ती कशाची होती? आपल्याच हाताची! बोट लागलं, तर आपल्याच घामातलं सापडायचं आणि आपण नाचायचो की दगडात सापडलं. म्हणून माती बंद पेटीत ठेवली, हातमोज्यांनीच हाताळली. आणि तपासताना सोबत एक रिकामी कुपी घेतली, जिच्यात मातीचा कण नाही. तिचीही तीच तपासणी. रिकाम्या कुपीतही तेच निघालं, तर ते दगडाचं नव्हे, आपलं."

"म्हंजे उलटा कौल," सोमानाना म्हणाले.

"अगदी तोच, नाना. आणि डावं-उजवंसुद्धा पाहिलं त्यांनी. ही आम्लं दोन प्रकारची असतात, आपल्या दोन हातांसारखी, डावी आणि उजवी. माणसाच्या घामात जवळजवळ सगळी डावी. बेन्नूच्या मातीत मात्र दोन्ही सारखी निघाली. तेव्हा पटलं, की ही कुणाच्या हाताची नाहीत, खरंच तिकडची आहेत."

नानांनी हे मनात घोळवलं आणि दाद दिल्यासारखी मान डोलावली.

"मंग काशीचा पंजा का नाय उमटला?" ठमाबाईने विचारलं. आता तोरा नव्हता, तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

मी आईचा हात उचलून तिच्या हातात दिला. राखेने भांडी घासून, आंघोळ करून आलेला हात. थंड, कोरडा, सुकलेल्या पानासारखा. मग ठमाबाईचाच तळहात तिला चाचपायला लावला. तो घामाने चिंब होता.

"तळहाताला घाम कधी सुटतो, ठमाबाई? माणूस घाबरला की. जो जास्त घाबरला, त्याचा पंजा जास्त गडद. हा जांभळा रंग तुमच्या भीतीचा आहे. या माणसाने तुमची भीती फडक्यावर टिपून तुम्हालाच दाखवली आणि तिला देवाची ओळख म्हणाला. आई घाबरली नव्हती, म्हणून दगड रुसला."

"भिऊ कशाला?" आई म्हणाली. "ह्यांचा बा गेला तवाच काय ते भिऊन झालं माझं."

महाराज उठून चादर गोळा करत होते. "मूर्खांच्या वाडीत ज्ञान टिकत नाही. मी निघतो महाडला. दगड राहू दे, त्याची इच्छा असेल तर..."

"आवं बाबा," ठमाबाई आडवी झाली. "काशीला इथं रातभर बसवत व्हता. तुमी कुठं निजनार व्हतात?"

महाराजांनी चादर काखोटीला मारली. रोज दिवेलागणीला ते महाडच्या लॉजवर जात, हे भरतला ठाऊक होतं, तोच रिक्षा बोलवायचा. मी भरतकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने झेप घेऊन महाराजांची गचांडी धरली आणि आणखी चारजण उठले.

"सोडा त्याला!" मी किंचाळले. "मारायला वेळ नाही! जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, पोलीस खाली आहेत, तिथे बघू. डोंगर थांबणार आहे का तुमच्यासाठी? झऱ्याचं पाणी लाल झालंय. भेग रुंद झालीय. याला उलटा कौल लावायला वेळ नाही, डोळ्यांनी दिसतंय. पोरं उचला, गुरं सोडा, चला!"

त्यानंतर जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चिखलात रुतणारे पाय, कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेतलेली ठमाबाई, नानांना पाठुंगळीला घेतलेला भरत, दोघांनी दंड धरून पोलिसांकडे चालवलेले महाराज. वाटेवरून पाणी लोंढ्यासारखं येत होतं. प्रत्येक आवाजाला आम्ही सगळे एकदम थिजायचो आणि मग पुन्हा धावायचो. आईने पदरात काहीतरी जड बांधून घेतलं होतं, ती मागे राहत होती. मी तिच्यावर ओरडले तरी तिने ते टाकलं नाही.

डोंगर उजाडताना आला. शाळेच्या वर्गात बसून आम्ही तो ऐकला. जमीन हलली, खिडक्यांची तावदानं थरथरली, मग बराच वेळ काहीच नाही. कुणी रडलं नाही. पाऊस उणावल्यावर माणसं बघून आली. देऊळ नव्हतं. वरच्या आळीतली घरं नव्हती, आमचंही नव्हतं. महाराजांचा दगड त्या ढिगाऱ्यात कुठेतरी गेला होता. काल संध्याकाळी माझी आई जिथे बसणार होती तिथे आता लाल माती होती. वाडीतलं एकही माणूस मात्र कमी झालं नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. तो डोंगर आला नसता, तरी खाली येणं बरोबरच होतं. मी भविष्य सांगितलं नव्हतं. भेग दिसत होती, एवढंच.

दुपारी मी तहसीलच्या माणसांशी बोलून वर्गात परतले, तर कोपऱ्यात बायका गोळा झाल्या होत्या. उदबत्तीचा वास आला. पुढे होऊन बघते, तर बाकावर फुलाफुलांचा रुमाल, रुमालावर आमचा वरवंटा. आईने पदरातून आणलेलं ओझं ते होतं. त्याला हळदकुंकू फासलेलं. समोर ठमाबाई डोळे मिटून, आणि तिच्यामागे, हात जोडून, माझा भाऊ.

"ताई," तो भारावून म्हणाला, "यानंच वाचवलं आपल्याला. जागृत हाय."

आदल्या दिवशी डोंगराखाली वाटली नव्हती इतकी भीती मला तिथे, त्या सुरक्षित वर्गात वाटली. सगळं तर काल सांगून झालं होतं.

आई उठली. तिने बायकांना बाजूला केलं, वरवंटा उचलला आणि पदराने त्याचं कुंकू खसाखसा पुसलं.

"बारशाला बाळाआधी ह्याला टोपडं घालून पाळन्यात ठेवतो, तेवढं कवतिक वरवंट्याला पुरं," ती म्हणाली. "उलटा कौल घेतला काय गो कुनी? त्यात देव आसता तर माझं घर का गेलं? त्याचा पाटा का गेला? दगडानं नाय वाचवलं. पायांनी वाचवलं. चालत आलात म्हनून आलात."

मग ती शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. तिथल्या पाट्यावर मिरच्या, लसूण, मीठ घेतलं आणि वरवंट्याने चटणी वाटायला बसली. थोड्या वेळाने ठमाबाई उठली, उदबत्ती विझवून तिच्याजवळ जाऊन लसूण सोलायला लागली. भरतने जोडलेले हात सोडले. मग त्यानेही ताटली पुढे केली.

मी इतकंच मागते. कुणी तुमच्यासमोर चमत्कार मांडला, त्यावर देवाचं नाव लिहिलेलं असो की विज्ञानाचं, भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटते. पण पंजा लावण्याआधी त्याला म्हणा, तुझा दगड बाजूला ठेव, आमचा वरवंटा घे, आणि आता करून दाखव.